व्हर्लिन स्टिडम राहतो कुठं?

व्हर्लिन स्टिडमचा पत्ता मला पाठ आहे, आणि तो चुकीचा आहे. त्याच्या टपालपेटीवर ३१८ लिहिलंय, आमच्या टपालखात्याच्या कागदांवर ३८१ आहे, आणि पत्रं दोन्ही आकड्यांवर येतात. नको असलेलं पत्र आलं की व्हर्लिन चष्मा कपाळावर सरकवतो, पाकीट हातभर लांब धरतो आणि म्हणतो, "होबी, हा आकडा माझा नाही. वाचायला शीक." हवं असलेलं पत्र आलं तर आकडा कुठलाही चालतो.

सावरवुडच्या घळीत मी सव्वीस वर्षं टपाल टाकतोय. आमच्या केंटकीच्या या डोंगरात प्रत्येक घळीला एक ओढा, एक चर्च आणि एक भांडण असतं. सावरवुडला त्याशिवाय व्हर्लिन आहे. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. पुढं मी पत्रं वाटायला लागलो आणि तो पोरं. म्हणजे एकोणतीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली. त्यामुळं माणसं त्याला नावानं आठवत नाहीत, थांब्यानं आठवतात. आमच्या कोर्टात हल्ली जो नवा वकील मिरवतो तो व्हर्लिनच्या लेखी 'सहावा थांबा, डावा बूट नेहमी हातात.' बँकेतली मॅनेजरीणबाई 'नववा थांबा, वळणावर ओकायची.' परवा बँकेत तो तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "आता बरं वाटतं ना वळणावर?" बाईंनी त्याचं काम रांग मोडून आधी करून दिलं.

त्याच्या बसचा हॉर्न कधीच बिघडला होता. तो दुरुस्त करायची गरज कुणाला वाटली नाही, कारण व्हर्लिनचा आवाज होता. खिडकीतून मान काढून तो एकच हाळी द्यायचा आणि डोंगरावरच्या तिसऱ्या घरातलं पोर अर्धा पाव तोंडात घेऊन धावत सुटायचं. काय छाती होती माणसाची! शेवटचं पोर उतरलं की तो बस ओढ्याकाठी लावायचा आणि सिगारेट पेटवायचा. चौतीस वर्षं ओढली. त्यात आम्हाला कुणाला काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळे तंबाखूच्या वाफ्यांत वाढलेलो. ऑगस्टात पानं कापून कोठारात उलटी टांगली की अख्ख्या घळीला तो गोडसर, जड वास यायचा. व्हर्लिन अजूनही म्हणतो की स्वर्गाच्या दारात तोच वास असणार. आमच्याकडं तंबाखूला कुणी व्यसन म्हणत नसे. पीक म्हणत.

त्याची बायको आर्लेटा मात्र कधी ओढत नव्हती. ओढू देतही नव्हती, निदान घरात. "ओसरीवर!" एवढा एकच शब्द ती बोलायची आणि सव्वासहा फुटांचा व्हर्लिन शेपूट घातल्यासारखा बाहेर यायचा. असा तो बाहेर आला तो बाहेरच राहिला. जेवण ओसरीवर, रेडिओ ओसरीवर, दाढी ओसरीवर, दुपारची झोप ओसरीवर. थंडीत अंगावर दोन गोधड्या घेऊन, पण ओसरीवरच. आमच्याकडं ओसरीवर बसणं सगळ्यांनाच आवडतं, पण व्हर्लिननं तिथं संसारच मांडला होता.

आर्लेटाचा संसार तळघरात. डोंगराच्या उतारावर घर, त्यामुळं तळघराला एका बाजूनं दार आणि एक खिडकी. त्या खिडकीखाली गोधडी ताणून शिवायची तिची लाकडी चौकट मांडलेली असायची. ऑक्टोबर लागला की ती खाली उतरायची ती एप्रिलपर्यंत, शेगडीपाशी, दार-खिडकी घट्ट लावून. वरून व्हर्लिन ओरडायचा, "जिवंत आहेस का गं?" खालून उत्तर यायचं, "काम करत्येय. तू कर कधीतरी." मी पत्रं घेऊन गेलो की हे संभाषण माझ्यामार्फतही व्हायचं. तो म्हणायचा, "तिला सांग कॉफी कर." मी खाली जाऊन सांगायचो. ती म्हणायची, "त्याला सांग, पाय वापरल्यानं झिजत नाहीत."

मग एका हिवाळ्यात ती खोकायला लागली. सर्दी म्हणाली. मध झाला, कांद्याचा लेप झाला, चर्चमधल्या बायांनी तीन प्रकारचे काढे पाठवले. फेब्रुवारीत पाठ दुखायला लागली तेव्हा कुठं दवाखान्यात गेली. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि तो पसरलेला. आयुष्यात एक सिगारेट न ओढलेल्या बाईला. त्या दिवशी त्यांना मीच घेऊन गेलो होतो. परत येताना व्हर्लिननं खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून माझ्या गाडीच्या कप्प्यात ठेवलं. ते त्यानं पुन्हा मागितलं नाही. मे महिन्यात आर्लेटा गेली. त्याला आता चार वर्षं झाली.

तळघराचं दार त्यानं लावून घेतलं आणि त्याबद्दल बोलणं बंद केलं. फक्त एकदा, मटारच्या शेंगा सोलता सोलता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "ओढायचो बाहेर रे. पण सदरा तर तोच घालून आत जायचो ना." मी शेंगा सोलल्या.

त्यांची एकुलती एक मुलगी ग्लेना. बावीस वर्षांपूर्वी आमच्या इथली निम्मी पोरं जिकडं गेली तिकडंच, ओहायोला, डेटनला गेली. चार तासांचा रस्ता. तिथं ती इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. दर रविवारी फोन. फोन स्वयंपाकघरात, त्यामुळं रविवारी दुपारी दोन ते तीन व्हर्लिन घरात असतो. आठवड्यातला तेवढाच वेळ.

गेल्या सप्टेंबरात एका सोमवारी मी गेलो तर स्वारी ओसरी झाडत होती. मी गाडीतूनच विचारलं, "कोण मेलं?"

"कोण मेलं नाही. ग्लेना येतेय."

"पाहुणी?"

"राहायला! इथल्या इस्पितळात जागा निघालीय. तळघरात राहणार म्हणते. स्वतंत्र दार आहे, म्हणजे मी घोरलेलं ऐकू येणार नाही." बोलताना त्याचा चेहरा असा खुलला होता की मला पत्रं द्यायचं सुचेना.

"मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ग्लेनाच्या दोन अटींवर. पहिली अशी की व्हर्लिननं फुप्फुसाचं ते साधं स्कॅन करून घ्यायचं. पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं रोज पाकीटभर ओढलेल्या आणि अलीकडंच सोडलेल्या माणसांचं दर वर्षी करतात ते. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, काही नाही. व्हर्लिन तिला म्हणाला होता, "मला काही होत नाही." ती म्हणाली होती, "आईलाही काही होत नव्हतं, डॅडी." त्यावर त्यानं हवामानाचा विषय काढला होता.

दुसरी अट घराची. जमिनीखालच्या दगडातून एक वायू वर येतो, रेडॉन नावाचा. फटींतून घरात शिरतो, तळघरात साचतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाला कॅन्सर करू शकतो. न ओढणाऱ्यालाही, आणि ओढणाऱ्याला तर कितीतरी जास्त. तो आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही.

"रंग नाही, वास नाही, आवाज नाही, दिसत नाही," व्हर्लिन मला म्हणाला. "माझा मेहुणा काम करतो तसा."

तपासायची डबी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, आरोग्य कचेरीत फुकट मिळते. तिथं मिस बर्निस बसतात. मिस बर्निसना सगळी काउंटी वचकून असते, कारण सगळ्यांना पहिली सुई त्यांनीच टोचलीय. त्यांनी डबी दिली, सोबत माहितीचा कागद दिला आणि बजावलं, "वाचून कर, व्हर्लिन." त्यानं वाचलं. कागदावर लिहिलं होतं की घरात जिथं आपण राहतो, जिथं आपला जास्तीत जास्त वेळ जातो, तिथं डबी ठेवावी.

आता सांगा, यात त्याचं काय चुकलं?

मी ती डबी चार दिवस पाहिली. ओसरीच्या आढ्याला, फर्नच्या कुंडीशेजारी, दोरीनं छान टांगलेली. वाऱ्यावर डुलत होती. मला वाटलं गांधीलमाश्या पकडायला असेल. पाचव्या दिवशी त्यानं ती पाकिटात घातली आणि मीच ती प्रयोगशाळेकडं रवाना केली.

दोन आठवड्यांनी निकाल मीच आणला. शून्य पॉइंट चार. चारच्या वर गेला तर घर दुरुस्त करायचं असतं, असं खाली छापलेलं. व्हर्लिननं तो कागद मला तीनदा वाचायला लावला. वार बुधवार असूनही फोन केला. फोनवर इतक्या जोरात बोलला की मला वाटलं तो फोनशिवायच डेटनला हाळी देतोय. "शून्य पॉइंट चार, पोरी! आमचा दगड चांगला आहे! ये तू!" ग्लेना तिकडं रडत होती की हसत होती ते मला ऐकू आलं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "दोन्ही." त्या आठवड्यात त्यानं तळघराच्या दाराबाहेरची पायवाट साफ केली, दिव्याचा खांब रोवला आणि येईल जाईल त्याला थांबवून विचारलं की हल्ली बायका पडदे कुठल्या रंगाचे लावतात. दार मात्र अजून उघडलं नव्हतं.

शुक्रवारी मिस बर्निसचा फोन आला. निकालाची एक प्रत त्यांच्याकडंही जाते.

"व्हर्लिन, शून्य पॉइंट चार ही बाहेरच्या हवेची पातळी असते. डबी कुठं ठेवलीस?"

"मी राहतो तिथं."

"कुठं राहतोस?"

"ओसरीवर, मिस बर्निस. तुम्हाला माहीत आहे. सगळ्या काउंटीला माहीत आहे."

मिस बर्निस किती वेळ हसल्या हे व्हर्लिन वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगतो. हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "मुलगी झोपणार कुठं, व्हर्लिन?"

दुसरी डबी त्यानं आणली. पण आता गोष्ट वेगळी होती, कारण उघड्या हवेत आकडा लहान येतो हे आता त्याला माहीत होतं. ग्लेनानं डेटनला राजीनाम्याचं बोलून ठेवलं होतं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याच्या आत येणार होती. दुसरा आकडा मोठा आला तर ती यायची नाही, किंवा कधी येईल ते सांगता यायचं नाही. आणि एकोणसत्तराव्या वर्षी माणूस 'कधीतरी' या शब्दावर फारसा विश्वास ठेवत नाही.

मी गेलो तेव्हा डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. नोव्हेंबरची सुरुवात, बाहेर पाणी गोठायला आलेलं, आणि खिडकी सताड उघडी.

"खिडकी उघडी का रे?"

"मासे तळले होते."

"वास तर येत नाही."

"मग खिडकी काम करतेय."

"व्हर्लिन, कागदावर लिहिलंय दारं-खिडक्या बंद ठेवा."

"कागदावर ३८१ पण लिहिलंय. तू टपाल टाक आणि जा."

गेलो. पण गाडी चालू केली नाही. आमच्या मैत्रीत साधारण पंचेचाळीस वर्षांत एकदा भांडण होतं, ते झालं असतं तर बरं, असं वाटत होतं. थोड्या वेळानं तो स्वतःच बाहेर आला, गाडीच्या दाराला टेकला आणि ओढ्याकडं बघत राहिला.

"काल फोन आला होता तिचा," तो म्हणाला. "पलंग कुठं लावायचा ते ठरवत होती. म्हणाली, आईची चौकट काढायची नाही, ती तशीच राहू दे. मी तिच्याजवळच झोपेन. त्याच खिडकीखाली. ती शिवायलाही बसणार म्हणते, होबी. आर्लेटाची अर्धी राहिलेली गोधडी पुरी करणार. त्याच खुर्चीत बसून."

मी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"आर्लेटा तिथं सहा सहा महिने बसायची," तो म्हणाला. "दार लावून. मी म्हणायचो, थंडी आत येऊ देऊ नकोस."

मग तो आत गेला आणि डबी घेऊन आला. आम्ही दोघं घराला वळसा घालून खाली गेलो. चार वर्षांत कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. आत सगळं होतं तसं होतं. चौकटीवर निळ्या-पांढऱ्या चौकोनांची अर्धी गोधडी ताणलेली, सुई टोचलेली, सुईत दोरा. भिंतीवर तिनं खडूनं मापं लिहून ठेवलेली. खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर. व्हर्लिन दारातच उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण वाटलं की आतून कुणी हाक मारली तरच आत जाईल.

शेवटी गेला. डबी जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर, खिडकी आणि शेगडी यांच्यापासून लांब ठेवायची असते. त्यानं हातानं माप घेतलं. स्वेटर उचलला, खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि तिच्यावर डबी ठेवली. स्वेटर पुन्हा कुठं ठेवावा ते त्याला कळेना. बराच वेळ तो हातात धरून उभा होता. मग तसाच बरोबर घेऊन बाहेर आला आणि दार घट्ट लावून घेतलं.

त्या चार दिवसांत तो कुणाला वरच्या मजल्यावरचीसुद्धा खिडकी उघडू देत नव्हता. पाद्री आले आणि उकडतंय म्हणाले, तर त्यांना म्हणाला, "मग नरकाबद्दल बोला, वातावरण जमलंय." तरीही रोज त्याचा चेहरा थोडा थोडा उतरत होता. पाचव्या दिवशी पाकीट माझ्या हातात देताना त्यानं ते लगेच सोडलं नाही. क्षणभर आम्ही दोघंही ते धरून उभे होतो, दोन पोरं एकच पेन्सिल धरून उभी राहतात तशी.

खरं सांगतो, ते पाकीट हरवणं माझ्या हातात होतं. सव्वीस वर्षांत मी एकही पाकीट हरवलेलं नाही. त्या दिवशी तो विचार डोक्यात येऊन गेला एवढं मात्र खरं.

निकाल आला त्या दिवशी शनिवार होता. मी गाडी बंद करून आत गेलो. व्हर्लिन स्वयंपाकघरात होता, घेवड्याचं सूप ढवळत. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आच बंद केली.

"वाच."

"तू वाच."

"चष्मा नाही."

चष्मा कपाळावर होता. मी वाचलं. "अकरा पॉइंट सहा."

तो बसला. मग हळूच म्हणाला, "चारच्या वर."

"हो."

"म्हणजे आर्लेटाला भोवलं ते हे होतं? की माझं होतं?"

हे मी मिस बर्निसना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या की ते आता कुणीच सांगू शकत नाही. दगडातून आलेलं असेल, कपड्यांतून आलेलं असेल, दोन्ही मिळून असेल. कुणाला निर्दोष सोडून देणारी डबी अजून निघालेली नाही. पण त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "मला ठाऊक नाही, व्हर्लिन."

त्यानं मान हलवली. उठला. मला वाटलं ओसरीवर जाईल. तो फोनकडं गेला.

"आज शनिवार आहे," मी म्हणालो. "उद्या सांगितलंस तरी चालेल."

"आज तिनं सामान बांधायला घेतलं असेल."

ग्लेनानं पहिल्याच घंटेला उचलला. शनिवारी फोन आल्यावर घाबरलीच असणार. व्हर्लिन आज ओरडला नाही. मी तिथं होतो म्हणून ऐकू आलं, नाहीतर शेजारच्या खोलीतसुद्धा गेलं नसतं.

"पोरी, अकरा पॉइंट सहा आला. ... खालचा. आईच्या खोलीचा. ... पहिला? पहिला मी ओसरीवर टांगला होता. ... हो, ओसरीवर. ... हस तू, हस. मिस बर्निसही हसल्या." थोडा वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "नाही. येऊ नकोस. ... नाही गं, मी तुला येऊ नकोस म्हणायलाच फोन केलाय."

पलीकडून ती बरंच काही बोलत होती. वरच्या खोलीत झोपेन म्हणत असावी, कारण तो म्हणाला, "वरही येतो तो, फक्त कमी. पाइप बसवतात म्हणे. फरशीखालून थेट छपरापर्यंत, वर पंखा लावून. मग खालची हवा बाहेर जाते. तो बसू दे. पुन्हा तपासू दे. मग ये." आणि जरा थांबून, "मी कुठं जातोय?"

त्यावर तिनं काहीतरी विचारलं. व्हर्लिननं माझ्याकडं पाठ केली.

"स्कॅन मंगळवारी," तो म्हणाला. "साडेदहाला. मिस बर्निसनी नाव घातलंय. ... हो, यंत्रात. ... झोपेन ना. झोपायला मला काय लागतं! ... घाबरलो नाहीये गं. ... थोडासा."

फोन ठेवल्यावर त्यानं सूप पुन्हा गॅसवर ठेवलं, दोन वाडगे काढले आणि मक्याचा पाव कापला. वाडगा रिकामा झाल्यावर मिस बर्निसनी दिलेला कागद शोधून पाइपवाल्याचा नंबर फिरवला. शनिवार असूनही माणूस भेटला. आमच्याकडच्या तीन काउंट्यांत हे काम करणारा तो एकटाच, त्यामुळं यादी मोठी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याआधी जमणार नाही, म्हणाला.

"मार्च," व्हर्लिन म्हणाला, जणू कुणी त्याला एखाद्या परक्या गावाचं नाव सांगितलं होतं. "मधे कुणी रद्द केलं तर?"

पलीकडच्यानं बहुधा विचारलं की एवढी काय घाई, किती वर्षं राहताय त्या घरात?

"एकेचाळीस," व्हर्लिन म्हणाला. "पण माझ्यासाठी नाही रे बाबा. माझी मुलगी घरी यायची आहे." मग फोनच्या वायरीला बोटानं पीळ देत, अगदी अजिजीनं, पुन्हा म्हणाला, "तू नाव तर लिहून ठेव. कुणी रद्द केलं तर मला कळव. कधीही कळव. मी फोनपाशीच बसतो."